नाकावरचे 25 ग्रॅम

हलकं असेल ते चांगलं उडणार, असं आपण धरूनच चालतो. मग बाल्सा लाकडाचं अर्ध्या किलोचं मॉडेल विमान धडपडत राहतं आणि नाकात शिशाचा 25 ग्रॅमचा तुकडा बसवला की तेच विमान सुतासारखं सरळ होतं, याला काय म्हणायचं? वजन वाढलं आणि उड्डाण सुधारलं!

शेपूट जड असलेलं मॉडेल हातातून सुटताच ओळखू येतं. नाक वर जातं, वेग मरतो, पंखांवरून वाहणारी हवा पंखांना सोडून देते. विमान जागीच थबकतं आणि कोसळतं. नाक जड असेल तर विमान वाईट उडतं, शेपूट जड असेल तर एकदाच उडतं, असं एरोमॉडेलिंगवाले म्हणतात ते उगीच नाही.

खरी गंमत आहे ती यामागच्या कारणात. वाऱ्याच्या झोताने नाक जरासं वर गेलं, की पंख आणि शेपटीचा आडवा पंख या दोघांनाही थोडी जास्त उचल मिळते. ही जादाची उचल जणू एकाच बिंदूवर लागते. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे त्याचं सगळं वजन जिथे तोलतं ती जागा, त्या बिंदूच्या पुढे असेल, तर जादा उचल शेपटीकडची बाजू वर ढकलते आणि नाक आपोआप खाली येतं. गुरुत्वमध्य त्याच्या मागे गेला, की तीच उचल नाक आणखी वर रेटते. म्हणजे चूक सुधारायची की वाढवायची, हे ठरतं ते वजन कुठे आहे यावर! आत वैमानिक नाही, तरी नीट तोललेलं विमान स्वतःला सावरतं ते यामुळेच.

पॅरिसच्या आल्फाँस पेनो या तरुणाने 1871 मध्ये तुइलरीच्या बागेत हे करून दाखवलं. पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारं त्याचं चिमुकलं विमान कुणाचा हात न लागता 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर उडालं. राइट बंधूंच्या विमानाचा गुरुत्वमध्य मात्र फार मागे होता. विमान सारखं वरखाली हेलकावे घ्यायचं. अखेर 1904 मध्ये त्यांनी पुढच्या टोकाला 70 पौंड, म्हणजे सुमारे 32 किलो लोखंड लादलं. उडण्यासाठी धडपडणाऱ्या यंत्रावर लोखंड!

मॉडेलचा तोल पाहायला बोटं पुरतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना खालून खुणा करायच्या. बॅटरीसकट सगळं जागेवर बसवायचं आणि खुणांवर बोटं टेकवून विमान उचलायचं. नाक किंचित झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेली, तर हिशोब मांडायचा.

समजा, 500 ग्रॅमच्या विमानाचा गुरुत्वमध्य खुणेच्या 1 सेंटिमीटर मागे आहे आणि नाक खुणेपासून 20 सेंटिमीटर पुढे आहे. 500 गुणिले 1 भागिले 20, म्हणजे नाकात 25 ग्रॅम. पण शेपूट खुणेपासून 50 सेंटिमीटर मागे असेल, तर तिथले 10 ग्रॅम काढले तरी तेवढंच काम होतं. तराजूच्या लांब दांडीच्या टोकाला छोटं वजनही भारी पडतं, तसंच हे. शेपटीवर चोपडलेला जादा डिंक आणि रंग असा अडीचपट महाग पडतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे 100 ग्रॅमची बॅटरी 5 सेंटिमीटर पुढे सरकवणं. एक ग्रॅमही न वाढता तोल साधतो. म्हणून आधी बॅटरी सरकवा, मग शेपूट हलकी करा आणि शिसं सगळ्यात शेवटी.

आणि स्वतःला न सावरण्याचा हा दोष मुद्दाम ठेवलेली विमानंही आहेत! आपलं तेजस हे लढाऊ विमान झटकन वळावं म्हणून त्याची रचनाच अस्थिर ठेवली आहे आणि संगणक क्षणाक्षणाला त्याला सावरत असतो. तुमच्या बाल्साच्या विमानात तो संगणक नाही. तेव्हा पहिल्या उड्डाणाआधी ते बोटांवर तोलून बघाच.