बोटीवरचे दिवस, गावचं नाव

विश्राम बेडेकर सिनेमाचं तंत्र शिकायला इंग्लंडला गेले आणि युरोपवर युद्धाचं सावट असताना बोटीने परतले. १९३९ साली त्यांची ‘रणांगण’ ही कादंबरी आली. नायक चक्रधर विध्वंस युरोपातून मायदेशी निघालेला मराठी तरुण, तर त्याच बोटीवरची हॅर्टा ही नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी. हिटलरच्या छळाची झळ मराठी कादंबरीत इतक्या लवकर, युद्धाच्या तोंडावरच उतरली, ती लेखक स्वतः त्या सागरी वाटेने आला होता म्हणून. वृत्तपत्रं वाचून बोटीच्या डेकवरची ती घुसमट साधली असती, असं वाटत नाही. बेडेकरांनी पुढे नाटकं लिहिली, चित्रपट केले. कादंबरी मात्र ही एकच. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या त्यांच्या आत्मचरित्राला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत, पण आधी कादंबरी.

भालचंद्र नेमाडे यांनी अनुभवाचा माग लपवण्याची फारशी तसदीच घेतली नाही. खानदेशातल्या सांगवीत जन्मलेल्या या लेखकाच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर. तोही नेमाड्यांसारखा गावाकडून पुण्याला कॉलेजात जातो. तरी पांडुरंग म्हणजे नेमाडे नव्हेत: पांडुरंग हरून गावी परततो, नेमाड्यांना पुढे ज्ञानपीठ मिळालं.

श्री. ना. पेंडसे यांची नोकरी मुंबईत, ‘बेस्ट’मध्ये. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) ही त्यांची कादंबरी मात्र घडते ती लहानपणी सुटलेल्या दापोलीच्या मुलखात.