झेल्डाची दंतकथा : आरंभ कोठून करावा?

अनेक भागांच्या कादंबरीचा शेवटचा भाग प्रथम उघडणारा वाचक विरळाच. पहिल्या भागापासून आरंभ करावा हे वळण आपल्याला शाळेतच लागलेले असते. व्हिडिओ-खेळांच्या मालिकांत मात्र हे वळण पुष्कळदा फसवे ठरते. सुट्टी जवळ आली की विद्यार्थी विचारतात, ‘सर, नवा खेळ घ्यायचा तर आधीचे सगळे खेळावे लागतील का?’ प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात मुलांच्या सुट्टीचे दिवस आणि वडिलांचे पैसे गुंतलेले असतात. म्हणून आज एकच मालिका घेऊन तिच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू. ती मालिका म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीची ‘द लेजंड ऑफ झेल्डा’.

या मालिकेतील पहिला खेळ फेब्रुवारी १९८६ मध्ये जपानात निघाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे कर्ते. मियामोतो यांचे बालपण क्योतोनजीकच्या सोनोबे या गावी गेले. तेथील टेकड्या आणि गुहा धुंडाळताना लाभलेला आनंद त्यांना खेळात उतरवावयाचा होता. तेव्हापासून सुमारे वीस मुख्य खेळ झाले. लिंक नावाचा तरुण वीर, झेल्डा नावाची राजकन्या आणि हायरूल नावाचे राज्य ही सामग्री बहुतेक खेळांत तीच. पण लिंक हा दर वेळी तोच मनुष्य नसतो! युग बदलते, वीर नवा जन्मतो, कथा नव्याने मांडली जाते. सीतास्वयंवराचे आख्यान दहा बुवा दहा परींनी लावतात. पाचव्या बुवांचे कीर्तन समजण्याकरिता आधीच्या चौघांचे ऐकलेले असावे लागत नाही. झेल्डाचे बव्हंशी तसेच आहे.

येथे एक घोटाळा होतो. डिसेंबर २०११ मध्ये या खेळांचा कालानुक्रम सांगणारा एक ग्रंथ जपानात प्रसिद्ध झाला. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’पासून कथेला तीन फाटे फुटतात, असे त्यात दाखविले आहे. ही वंशावळ पाहून नवखा गृहस्थ गांगरतो आणि कथाक्रमात पहिला म्हणून ‘स्कायवर्ड स्वर्ड’ हा खेळ हाती घेतो. वस्तुतः तो २०११ सालचा. तलवार कोठून आली, राज्याचा उगम काय, हे तो सांगतो. आणि ज्याने ती तलवार आधी कधी हाती धरलेलीच नाही, त्याला तिच्या उगमाचे कौतुक कोठून वाटणार? माझ्या मते वंशावळ ही घरच्या माणसांनी चाळण्याची वस्तू आहे, पाहुण्याने नव्हे.

परंतु या नियमाला एक ठसठशीत अपवाद आहे. मे २०२३ मध्ये निघालेला ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हा मार्च २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा साक्षात उत्तरार्ध होय. तोच लिंक, तीच झेल्डा, तीच भूमी. मध्ये काही वर्षे लोटलेली. आकाशातील बेटे आणि भूगर्भातील अंधारे जग यांची तेवढी भर पडली आहे. कथेचा सारांश कोणीही पाच मिनिटांत सांगेल; पण त्या सारांशाने काम भागत नाही. पूर्वार्धात हडसन नावाच्या सुताराला माणसे आणि लाकडे पुरवून आपण एक गाव शून्यातून उभे करतो, त्याच्या लग्नालाही हजर राहतो. उत्तरार्धात त्या भरभराटलेल्या गावी गेले की हडसनची मुलगी आपल्याला भेटते. हातेनो या खेड्यात आपण ३००० रुपी मोजून घर घेतलेले असते. (तेथील चलनाचे नाव ‘रुपी’च आहे, पण ते रंगीत रत्नांचे असते.) पुढील खेळात त्याच घरी झेल्डा राहत असल्याचे दिसते, आणि गावात तिने एक शाळा काढलेली असते. पेशाने शिक्षक असल्यामुळे मला त्या शाळेचे अगत्य अधिक वाटत असेल. तथापि पूर्वी तेथे शाळा नव्हती हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच तिचा अर्थ कळतो.

शिवाय पूर्वार्धाला स्वतःला कसल्याच पूर्वतयारीची गरज नाही. शंभर वर्षांच्या निद्रेतून उठलेल्या लिंकची स्मृती गेलेली असते. नायकाला जेवढे ठाऊक, तेवढेच खेळणाऱ्याला.

क्रम उलटा केला तर हाताचीही अडचण होते. उत्तरार्धात ओंडके, चाके, पंखे एकमेकांस चिकटवून तराफा, गाडी, किंबहुना विमानही करता येते. त्या सोयीला सोकावलेला हात पूर्वार्धाकडे वळला की डोंगर पायी चढताना कंटाळतो.

सप्टेंबर २०२४ च्या ‘एकोज ऑफ विझडम’ची गोष्ट निराळी. तेथे प्रथमच मुख्य खेळाची सूत्रे झेल्डाच्या हाती आहेत, आणि आधीचे काहीही न खेळता तो खुशाल घ्यावा. ज्याला हौसच असेल त्याने १९९१ चा ‘अ लिंक टू द पास्ट’ अगोदर खेळावा. नव्या खेळाच्या नकाशात जुन्या वाटा ओळखू येतात. १९८६ चा मूळ खेळ मात्र आरंभासाठी मी कोणाला सुचविणार नाही. तो वाट दाखवीत नाही, चुकल्यास क्षमा करीत नाही, आणि पुष्कळांचा उत्साह तेथेच संपतो.

आता हिशेब पाहू. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, प्रत्येकाच्या मुख्य कथेला साधारण पन्नास ते साठ तास लागतात. रोज दोन तास दिले तर महिना गेला. म्हणजे एका सुट्टीत एकच खेळ पुरा होतो. मित्राने ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ चार आठवड्यांकरिता उसना दिला असेल, तर तो नाकारू नये. त्याची कथा स्वतंत्रपणेही समजते. पण पदरचे पैसे खर्चून एकच घ्यावयाचा असेल तर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ घ्यावा, हातेनोतील ते घर विकत घ्यावे, आणि शाळा पाहावयास पुढच्या सुट्टीत जावे.