ई-सिगारेटचा स्फोट आणि डोळ्याची इजा

आपला मुलगा बिडी-सिगारेट ओढत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पेनासारखी दिसणारी, फळांच्या वासाची ‘वेप’ त्याच्या खिशात असू शकते. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. तरी ती चोरून विकली जाते. तिच्यातील निकोटीनचे व्यसन लागते, हे आपण ऐकतो. आज आम्ही तिच्या बॅटरीविषयी सांगत आहोत.

ई-सिगारेटमध्ये मोबाइलसारखीच लिथियम-आयन बॅटरी असते. ती आपटली, भलत्या चार्जरला लावली, किंवा खिशातल्या सुट्या बॅटरीला नाणी-किल्ल्या चिकटल्या, तर शॉर्टसर्किट होऊन आतली उष्णता वाढत जाते आणि वायू कोंडतो. नळीची टोके कमजोर असतात. त्यामुळे स्फोट झाला की ती रॉकेटसारखी उडते. ओढताना ती तोंडात असते आणि डोळा तिथून वीतभरही लांब नसतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील अशा १९५ घटना नोंदवल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले, त्यांपैकी ३८ गंभीर.

डोळ्याला इजा तीन प्रकारे होते. ज्वाळेने पापण्या भाजतात, बॅटरीतील रसायनाने बुबुळ जळते, आणि उडालेल्या तुकड्याने डोळा फुटू शकतो.

अशा वेळी काय करावे?

• रसायन गेले असल्यास पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने निदान २० मिनिटे डोळा धुवा. नळ नसेल तर हंड्यातले पिण्याचे पाणी तांब्याने ओता.

• डोळ्यात तुकडा रुतला असेल किंवा डोळा फाटलेला दिसत असेल, तर तो दाबू नका, तुकडा ओढू नका. कागदी कपाने डोळा नुसता झाका.

• डोळा चोळू नका. तूप, मध, दूध, गुलाबपाणी किंवा घरातले जुने थेंब घालू नका.

• लगेच नेत्रविभाग असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. दुखणे थांबले तरी जा.

घरच्यांच्या धाकाने मुले खरे सांगत नाहीत, ‘फटाका उडाला’ म्हणतात. पण बॅटरी फुटली हे डॉक्टरांना कळले, तरच रसायनाचा उपचार वेळेवर सुरू होतो. म्हणून रागावणे नंतर, आधी डोळा. आणि ही वस्तू घरात दिसली, तर शांतपणे समोर बसून बोला. एकदा गेलेली नजर परत येईलच असे नाही.