बटण बंद करू नका!

तारेचा जुना विजेचा दिवा बहुधा केव्हा जात असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. रात्रभर जळताना तो क्वचितच जाई. बटण दाबल्याबरोबर मात्र लख्खकन चमकून बंद पडे. असे का? थंड तारेचा विद्युतरोध कमी असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी तिच्यातून नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह वाहतो आणि झिजलेली तार तुटते.

अशीच एक साधी गोष्ट संगणकाच्या इतिहासात मोलाची ठरली. ती हेरणारे अभियंते म्हणजे टॉमी फ्लॉवर्स (१९०५–१९९८). ब्रिटनमध्ये तेव्हा टेलिफोनचा कारभार टपाल खात्याकडे होता. त्या खात्याच्या लंडनमधील संशोधन केंद्रात ते काम करीत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनाधिकाऱ्यांचे संदेश ‘लॉरेन्झ’ यंत्राने गूढ लिपीत बदलून पाठविले जात. ते उकलण्याचे काम ब्लेचली पार्क येथे चाले. तेथील यंत्रात कागदाच्या दोन फिती अगदी बरोबरीने पळवाव्या लागत. त्या ताणल्या जात, तुटत. फ्लॉवर्स यांनी सुचविले, की एक फीत काढून तिचे काम निर्वात नलिकांवर, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा व्हॉल्व्हांवर सोपवावे. पण त्यासाठी दीड हजारांच्या आसपास नलिका हव्या होत्या! त्यांतील एखादी सतत जाणारच, अशी शंका अनेकांनी घेतली. फ्लॉवर्स यांचा टेलिफोन यंत्रणेतील अनुभव मात्र वेगळा होता : नलिका बहुधा चालू-बंद करतानाच जातात, अखंड चालू ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात.

त्यांचे ‘कोलॉसस’ यंत्र जानेवारी १९४४ मध्ये ब्लेचली पार्कला पोहोचले. ते सेकंदाला ५,००० अक्षरे वाची. युद्ध संपेपर्यंत अशी १० यंत्रे तेथे उभी राहिली.

युद्धानंतर बहुतेक यंत्रे मोडण्यात आली आणि हुकुमाप्रमाणे फ्लॉवर्स यांनी कागदपत्रे भट्टीत जाळली. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ‘एनिॲक’चा जगभर गाजावाजा झाला, तेव्हाही त्यांना बोलता आले नाही. हे गुपित फुटण्यास १९७० नंतरचे दशक उजाडावे लागले.

कोलॉससमध्ये आज्ञावली साठविण्याची सोय नव्हती; म्हणून तो आजच्या अर्थाने पूर्ण संगणक नव्हे. परंतु शेकडो नलिका एकत्र भरवशाने गणन करू शकतात, हे त्याने दाखवून दिले. ते घडविणारा माणूस मात्र सुमारे तीस वर्षे गप्प होता.