तिकिटाचा भाव आणि प्रवासाचा खर्च

गेल्या लग्नसराईच्या आधीची गोष्ट. यवतमाळच्या बाजारपेठेतील एका परिचित कापड दुकानात मी बसलो होतो. शेठजींच्या घरी मुलीचे लग्न ठरले होते आणि शालू-साड्यांच्या खरेदीसाठी चौघांना नागपूरहून विमानाने मुंबईला जायचे होते. शेठजींचे म्हणणे असे, की लग्नाचे काम आहे, तेव्हा सर्व सोयी देणाऱ्या कंपनीचेच तिकीट काढावे. चिरंजीवांनी मोबाइल पुढे केला : “बाबा, या दुसऱ्या विमानाने माणशी नऊशे रुपये वाचतात. दोन्ही विमाने मुंबईलाच उतरतात ना?” शेठजी म्हणाले, “स्वस्त वस्तू शेवटी महागच पडते. चाळीस वर्षे धंदा करतो आहे मी.” मग दोघेही माझ्याकडे वळले. “काका, तुम्ही बँकेत होतात. तुम्हीच सांगा.”

मी कागद-पेन मागितले. त्या कागदावर जे उतरले, ते आपल्यापैकी अनेक घरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे.

स्वस्ताई येते कोठून?

अल्पदरातील विमानसेवा हा आपल्याकडे फार जुना प्रकार नाही. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन सुरू केली आणि रेल्वेच्या प्रवाशाला विमानात बसवण्याचे स्वप्न दाखवले. तिची एक रुपयाची तिकिटे पुष्कळांना आठवत असतील. पाठोपाठ २००५ साली स्पाइसजेट व गोएअर आणि २००६ साली इंडिगो आली.

या कंपन्या भाडे कमी ठेवतात ते दयाबुद्धीने नव्हे. त्यामागे व्यापारी गणित आहे. एअरबस ए-३२० या विमानात पुढे बिझनेस क्लासच्या ऐसपैस खुर्च्या ठेवल्या, तर साधारण १५० प्रवासी बसतात. सगळ्या खुर्च्या एकाच प्रकारच्या बसवल्या, तर १८० बसतात. वैमानिक तेच, विमानाचा हप्ता तोच, इंधनही जवळपास तेवढेच. मात्र तो खर्च दीडशेऐवजी एकशेऐंशी जणांत वाटला जातो. शक्य तेवढी विमाने एकाच जातीची ठेवली, की सुटे भाग आणि प्रशिक्षण यांचा खर्च घटतो. उतरलेले विमान अर्ध्या तासात पुन्हा उडवले, की त्याच विमानाच्या दिवसाकाठी अधिक फेऱ्या होतात. कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याचा माल वर्षातून अधिक वेळा फिरतो, तो कमी नफ्यावर विकू शकतो.

दुसरा भाग सुट्या विक्रीचा. जेवण, आवडीची खुर्ची, जास्तीचे सामान, तारीख बदलण्याची मुभा हे सारे भाड्यातून वगळून निराळे विकायचे. सराफाच्या दुकानात पाटीवर सोन्याचा भाव असतो, पण पावतीवर घडणावळ येते, कर येतो आणि रक्कम निराळी होते. पाटीवरचा भाव खोटा नसतो. तो पुरा नसतो, एवढेच.

नावातील भेद आता किती उरला?

पूर्वी हा भेद ठसठशीत होता. आज सर्व सोयी देणारी मोठी देशी कंपनी म्हणजे एअर इंडियाच उरली आहे. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. २०२४ सालीच एअर इंडियाने आपल्या खालच्या दरांच्या तिकिटांवरील मोफत सामानाची मर्यादा २० किलोवरून १५ किलोवर आणली, म्हणजे अल्पदरातील कंपन्यांच्या पंक्तीला नेऊन ठेवली. उलट बाजूने इंडिगोने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दिल्ली-मुंबई मार्गापासून बिझनेस क्लासची सुरुवात केली.

थोडक्यात, दोघे एकमेकांच्या दुकानात शिरले आहेत. म्हणून ‘कोणती कंपनी स्वस्त?’ हा प्रश्नच आता अपुरा ठरतो. ‘मला लागणाऱ्या गोष्टी धरून कोणते तिकीट स्वस्त?’ असे विचारायला हवे.

कागदावरचा हिशेब

विमानाचे भाडे तासातासाला बदलते. तेव्हा पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. अल्पदरातील तिकीट ४,५०० रुपये, सर्व सोयींच्या कंपनीचे खालच्या दराचे ५,४०० आणि तिचेच २५ किलो सामानाची मुभा देणारे वरच्या दराचे ६,६०० रुपये. पहिल्या दोन्ही तिकिटांवर सामान १५ किलो. जादा सामानाचा दर किलोला ५०० रुपये.

जाताना चौघांजवळ दोन दिवसांचे कपडे, म्हणजे एकेक लहान बॅग. अल्पदराने १८,००० रुपये, दुसऱ्या कंपनीने २१,६००. चिरंजीवांचे ३,६०० रुपये खरोखरच वाचतात.

येताना मात्र शालू, साड्या, आहेराचे कापड धरून माणशी २० किलो सामान. अल्पदराचे १८,००० आणि जादा २० किलोंचे १०,००० मिळून २८,००० रुपये. दुसऱ्या कंपनीच्या खालच्या दराने तर २१,६०० अधिक १०,००० म्हणजे ३१,६०० होतात. तेथे शेठजींचा आग्रह अंगाशी आला असता. पण त्याच कंपनीच्या वरच्या दराने चौघांचे २६,४०० आणि सामान आत. सर्वांत महाग दिसणारे तिकीट येथे सर्वांत स्वस्त ठरले.

आपल्या घरांपुरता एक मुद्दा जेवणाचा. सर्व सोयींच्या तिकिटात जेवण धरलेले असते आणि आगाऊ कळवल्यास जैन जेवणही मिळते. परंतु जो सूर्यास्तानंतर काही घेत नाही, त्याला संध्याकाळी सातच्या विमानातील जेवणाचा उपयोग शून्य. जो घरचा खाखरा आणि उकळलेले पाणी बरोबर घेऊन निघतो (पाणी सुरक्षा तपासणीतून नेता येते का, हे विमानतळावर विचारून घ्यावे), त्याचेही तेच. जे आपण घेणारच नाही, त्याची किंमत फायद्याच्या रकान्यात मांडू नये.

व्यापारी कामासाठी प्रवास असेल, तर तिकीट काढतानाच पेढीचा जीएसटी क्रमांक द्यावा. इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के कर असतो, तर त्यावरच्या वर्गांसाठी तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. व्यवसायासाठीच्या प्रवासावरील कराची वजावट आपल्या सीएला विचारून घेता येते. क्रमांक द्यायचा राहिला, तर ती बहुधा हातची जाते.

यवतमाळच्या उंबरठ्यापासून

मुंबई-पुण्याचे लेखक विमानतळापासून हिशेब मांडतात. आपण तो घराच्या उंबरठ्यापासून मांडला पाहिजे. यवतमाळला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. नागपूरचा विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटरवर, म्हणजे तीन तासांचा रस्ता. सर्वांत स्वस्त तिकीट पुष्कळदा पहाटेच्या विमानाचे असते. सहाचे विमान गाठायचे तर सामान देण्याची खिडकी तासभर आधी बंद होते. म्हणजे यवतमाळहून मध्यरात्रीच निघावे लागते किंवा आदल्या रात्री नागपुरात मुक्काम करावा लागतो. लॉजची एक खोली माणशी वाचवलेले नऊशे रुपये सहज खाऊन टाकते. दुपारचे विमान हजाराने महाग असले, तरी आपल्यासाठी ते स्वस्त असू शकते.

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी अलायन्स एअरचे विमान सुरू झाले. हा मार्ग केंद्राच्या ‘उडान’ योजनेतला आहे. या योजनेत काही आसनांच्या भाड्यावर मर्यादा असते आणि कंपनीची तूट सरकार भरून काढते. बेलोरा आपल्याला नागपूरपेक्षा बरेच जवळ आहे. मात्र विमान लहान आणि सुरुवातीपासून आठवड्यातील ठरावीक दिवशीचे. त्यामुळे वेळापत्रक आपल्या कामाशी जुळते का, हे आधी पाहावे.

आणि धामणगाव स्थानक विसरू नये. तेथून रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठता येते. एकट्या, धडधाकट माणसाला तो मार्ग आजही सर्वांत किफायतशीर आहे. धडधाकट हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.

माझ्या खात्यावरील नोंद

काही वर्षांपूर्वी पत्नीच्या गुडघ्याच्या उपचारासाठी मुंबईच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. मी सर्वांत स्वस्त, रद्द केल्यास भाडे परत न मिळणारी दोन तिकिटे काढली आणि वाचलेल्या पैशांचे स्वतःलाच कौतुक केले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन आला, की डॉक्टरांनी वेळ चार दिवस पुढे ढकलली आहे. तारीख बदलण्याचे शुल्क आणि वाढलेल्या भाड्यातील फरक मिळून रक्कम जवळपास नव्या तिकिटाएवढी होत होती. एजंट म्हणाला, “साहेब, सोडून द्या.” मी सोडून दिले.

पुढे कळले, की मूळ भाडे बुडाले तरी विमानतळाची शुल्के आणि कर प्रवाशाला परत द्यावेच लागतात. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक आकारता येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियम आहे. मी ते मागितलेच नव्हते. ‘सही करण्यापूर्वी अटी वाचा’ असे कर्जदारांना आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या तिकिटाच्या अटी वाचल्या नव्हत्या.

पण खरी चूक त्यानंतरची. बुडालेले पैसे भरून काढायचे म्हणून मी हट्टाने रेल्वेची तिकिटे काढली. आयत्या वेळी आरएसीच मिळाली. दोघांत मिळून बाजूचा एक बर्थ. दुखरा गुडघा दुमडून पत्नी रात्रभर बसून राहिली. ती काही बोलली नाही. सकाळी दादरला उतरताना तिने माझा हात धरला, तेव्हा तिला पाऊल टाकवत नव्हते. मी वाचवलेल्या रुपयांची किंमत तिने मोजली होती. डॉक्टर, शस्त्रक्रिया, परीक्षा, कोर्टाची तारीख अशा कामांच्या प्रवासात तारीख बदलण्याची मुभा ही चैन नसते. तो विमा असतो, आणि विम्याचा हप्ता वाया गेला असे म्हणू नये.

बँकेच्या नजरेतून

कोणी म्हणेल, महाग कंपनी निदान भरवशाची तरी असते. इतिहास तसे सांगत नाही. एक रुपयात तिकीट देणारी डेक्कन २००७ साली किंगफिशरच्या हाती जाऊ लागली. पंचतारांकित थाटाची किंगफिशर स्वतः २०१२ साली थांबली आणि बँकांची कर्जे बुडाली. सर्व सोयींची जेट २०१९ साली गेली, तर अल्पदराची गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. खर्च भरून न निघणारा भाव स्वस्त असो वा महाग, तो टिकत नाही.

भाडे खाली ठेवते ती स्पर्धा. कंपनीच्या नावावरची पाटी नव्हे. देशातील दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक एकट्या इंडिगोने जातात. डिसेंबर २०२५ च्या आरंभी वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू असताना तिची मनुष्यबळाची जुळवणी कोलमडली, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि उरलेल्या विमानांचे भाव आकाशाला भिडले. अखेर ६ डिसेंबरला सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. नागपूर-मुंबई ज्या ५०० ते १,००० किलोमीटरच्या गटात येते, त्यासाठी ती मर्यादा करांव्यतिरिक्त १२,००० रुपये होती. बाजारात एकच मोठा दुकानदार उरला, की काय होते, हे व्यापाऱ्यांना निराळे सांगायला नको.

तिकीट काढण्यापूर्वी

शेवटच्या पानावरची, म्हणजे पैसे भरण्याच्या आधीची रक्कम पाहूनच तुलना करावी. सामान घरीच तोलावे. जादा लागणार असेल तर ते आगाऊ घ्यावे, विमानतळावर दर अधिक असतो. एकाच कंपनीचे खालचे आणि वरचे दोन्ही दर पाहावेत. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकाच कंपनीचे असले पाहिजे असा नियम नाही. आणि प्रवास पुढे ढकलला जाण्याची शक्यता किती, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा.

शेठजींच्या दुकानातला वाद या चौथ्या मुद्द्यावर मिटला. जाताना चिरंजीवांचे विमान, येताना शेठजींचे. एकूण ४४,४०० रुपये. दोन्ही वेळा अल्पदराने गेले असते तर ४६,००० आणि दोन्ही वेळा शेठजींच्या पसंतीने तर ४८,००० झाले असते. कागदाची घडी करीत शेठजी म्हणाले, “म्हणजे आम्ही दोघेही बरोबर होतो.” मी म्हटले, “अर्धे-अर्धे.”

लग्न थाटात झाले. शालू मात्र विमानाच्या पोटात न देता शेठाणींनी मुंबईपासून यवतमाळपर्यंत मांडीवरच ठेवून आणला, असे मागाहून कळले.