संकटकाळातील जनसंपर्क : सल्ला मिळतो, विश्वास मिळवावा लागतो

जून २०१५ मध्ये 'मॅगी' नूडल्सवर देशभर बंदी आली. नूडल्समध्ये शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असल्याच्या बातम्या मे महिन्यापासूनच झळकत होत्या. नेस्ले कंपनीचे तत्कालीन जागतिक प्रमुख पॉल बुल्के मात्र दिल्लीत पत्रकारांसमोर आले ते ५ जूनला. संकट हाताळण्यासाठी कंपनीने 'ॲप्को वर्ल्डवाइड' या अमेरिकी सल्लागार संस्थेची मदत घेतल्याचे वृत्तही त्याच सुमारास आले. तोपर्यंत ग्राहकांच्या मनात संशयाने घर केले होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होता.

अशा संस्था नेमके करतात काय? जाहिरात संस्थेचे काम वस्तू खपवण्याचे. संकटकालीन जनसंपर्क संस्थेचे काम पत राखण्याचे. काय घडले याची खातरजमा करणे, कंपनीच्या वतीने कोणी बोलावे हे ठरवणे, कर्मचारी, ग्राहक, सरकारी यंत्रणा आणि पत्रकार या सर्वांना एकच आणि खरी माहिती वेळेवर पोहोचेल हे पाहणे, ही त्यातील प्रमुख कामे. वकील बहुधा मौनाचा सल्ला देतात, कारण उच्चारलेला प्रत्येक शब्द न्यायालयात विरोधात जाऊ शकतो. मात्र त्या मौनाचा अर्थ लोक अपराधाची कबुली असा लावतात. या दोहोंतून वाट काढणे हीच सल्लागाराची खरी कसोटी असते.

या क्षेत्रात आजही दाखला दिला जातो तो १९८२ मधील 'टायलेनॉल' प्रकरणाचा. अमेरिकेत शिकागो परिसरात या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने ७ जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. त्यासाठी १० कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. नंतर छेडछाड झाल्यास लगेच कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आले. जनसंपर्काची बाजू 'बर्सन-मार्स्टेलर' ही संस्था सांभाळत होती. परंतु तिच्या शब्दांना वजन आले ते कंपनीने आधी केलेल्या कृतीमुळे.

उलट उदाहरण ब्रिटनच्या 'बेल पॉटिंजर'चे. दक्षिण आफ्रिकेतील गुप्ता कुटुंबाच्या 'ओकबे' कंपनीसाठी या संस्थेने २०१६ मध्ये काम स्वीकारले. तिच्या मोहिमेने वांशिक तेढ वाढवल्याचा ठपका ठेवून ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेने सप्टेंबर २०१७ मध्ये तिची हकालपट्टी केली आणि काही दिवसांतच संस्थेचे दिवाळे निघाले. अशिलाची प्रतिमा उजळण्याच्या नादात सल्लागारानेच स्वतःची पत गमावली.

म्हणूनच अशी संस्था नेमताना काही पथ्ये पाळणे हिताचे ठरते. नेमणूक संकट येण्यापूर्वीच करावी, म्हणजे संस्थेला व्यवसायाची ओळख होते. करार करताना मोठ्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम कोण करणार, रात्री-अपरात्री कोण उपलब्ध असणार, हे विचारावे. प्रतिस्पर्धी कंपनीही तिची ग्राहक आहे का, याची खात्री करून घ्यावी. गोपनीयतेच्या अटी आणि मोबदल्याची रीत लेखी असावी. सल्लागाराला थेट सर्वोच्च अधिकाऱ्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. अन्यथा मधल्या फळीत सल्ला विरून जातो. बातमी दडपून देण्याची हमी देणाऱ्यापासून तर दूरच राहावे. झाकली मूठ सव्वा लाखाची हा हिशेब मोबाइलच्या जमान्यात टिकत नाही.

'मॅगी'चे पुढे काय झाले, हेही बोलके आहे. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली. कंपनीला आपली बाजू मांडण्याची संधी दिली गेली नव्हती, तसेच चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या, असे न्यायालयाने नमूद केले. न्यायालयाच्या आदेशानुसार तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये नूडल्स पुन्हा दुकानांत आल्या. ग्राहकांसमोर ठेवण्याजोगे उत्तर अखेर प्रयोगशाळेतून आले. ते उत्तर लवकर आणि नेमक्या शब्दांत लोकांपर्यंत पोहोचवणे हे सल्लागाराचे काम. ते तयार करण्याची जबाबदारी मात्र कंपनीचीच असते.