उसवण्याचा दिवस

सतरंजीच्या मागावर बसलेला नवखा माणूस पहिली चूक करतो ती बहुधा भीतीपोटी करतो. आडवा धागा सैल राहील, मध्ये पोकळी दिसेल आणि मास्तर रागावतील, या शंकेने तो दर फेरीला धागा घट्ट ओढून घेतो, आणि हातभर विणून झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की दोन्ही काठ नकळत आत सरकत आले आहेत व चौकोनी व्हावयाची सतरंजी कंबरेपाशी बारीक झाली आहे. कारागृहाचे व माणसांचे नाव लिहिणार नाही, या अटीवर मिळालेल्या परवानगीने मी एका मध्यवर्ती कारागृहाच्या विणकाम विभागात तीन दिवस बसलो होतो. त्या तीन दिवसांत पाहिलेले बरेचसे या एका चुकीभोवतीच फिरते.

माग अगदी साधा. दोन जाड दांड्यांमध्ये सुताचा ताणा आवळलेला, पुढ्यात फळी, आणि फळीवर शेजारी शेजारी बसलेले दोन बंदी. कारण सतरंजीचा पन्हा एका माणसाच्या हातात मावत नाही. ज्याने त्याने आपापल्या बाजूचा रंगीत धागा ताण्यातून मध्यापर्यंत आणावयाचा, तेथे तो जोडीदाराच्या धाग्याला भेटवावयाचा, आणि मग लोखंडी पंज्याने दोघांनी एकाच वजनाने ठोकून तो खाली बसवावयाचा. एकाचा हात जड पडला तर त्याच्या बाजूचे पट्टे खाली दबतात आणि नक्षी तिरपी होते. तेव्हा दोन माणसांना, ज्यांची गावे, जाती व गुन्हे यांत कसलेही साम्य नाही, दिवसभर परस्परांच्या हाताचे वजन ओळखून राहावे लागते. आणि हे त्यांना कोणत्याही व्याख्यानातून शिकविता आले असते असे मला वाटत नाही.

चूक करणारा तरुण जन्मठेपेचा होता. वय पंचविशीच्या आसपास. मास्तरांनी, म्हणजे विणकामाच्या निदेशकांनी, वाकून काठावर बोट फिरविले आणि म्हणाले, "ओढू नको. धाग्याला कमान ठेव. पंजा बसला की त्याची जागा तोच घेतो." मग त्यांनी स्वतः एक फेरी घालून दाखविली. धागा ताण्यात धनुष्यासारखा वर उचललेला राहिला, पंजा पडला, आणि ती सारी शिल्लक लांबी उभ्या धाग्यांच्या वळणांत जिरून गेली. काठ मात्र जागचा हलला नाही.

यानंतर त्यांनी त्याला हातभर विणकाम उसवावयास सांगितले. बिघडलेले कापून टाकणे सोपे होते, पण त्यांनी कात्री दिली नाही. एकेक फेरी मोकळी करून, चुरगळलेले सूत हाताने सरळ करून, ते पुन्हा गुंडाळण्यात त्या मुलाची सकाळ आणि दुपार गेली. संध्याकाळी हजेरी मांडताना लिहिणारा बंदी, ज्याला तेथे रायटर म्हणतात, त्या नावापाशी थबकला. माल तर काहीच निघाला नव्हता. मास्तर म्हणाले, "मांड पूर्ण दिवस. उसवणं हे काम नव्हे होय?"

या वाक्यापाशी माझे मन आजही अडते. कारण आपल्याकडील तुरुंगांचा इतिहास पाहिला तर चूक उसविण्याचा दिवस श्रमाचा दिवस म्हणून मांडण्याची कल्पना त्यात फार उशिरा आली. मेकॉले ज्या समितीचे सभासद होते त्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८ मध्ये, शिक्षणाने कैदी सुधारतील ही आशा बाजूस सारून, श्रम मुद्दामच कंटाळवाणा व नीरस असावा अशी शिफारस केली होती. अंदमानात काथ्या कुटणारे व तेलाचा घाणा ओढणारे हात याच विचाराचे वारस होते, आणि 'माझी जन्मठेप' वाचलेल्या मराठी माणसाला त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्याने सक्तमजुरीवर दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली हे खरे. पण त्याच कायद्यात तुरुंगातील अपराधासाठी बंद्याला ३ महिन्यांपर्यंत गोणपाटाचे कपडे घालावयास लावण्याची तरतूदही होती. कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे ध्येय असल्याचे १९१९-२० च्या कार्ड्यू समितीने स्पष्ट मांडले. आणि पुढे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी व्रत म्हणून सूत कातीत बसले. पेटीत मावणाऱ्या चरख्याला त्या तुरुंगाचेच नाव पडले. मजुरी आणि व्रत यांत अंतर पडते ते सुतामुळे नव्हे, हे तेथे दिसले.

ज्याचा मुलगा मारला गेला त्या बापापुढे ही भाषा बोलताना जीभ जड होते, आणि ती व्हावयासच हवी. गुन्ह्याला शिक्षा नको असे मी म्हणत नाही. परंतु शिक्षा न्यायासनाने दिलेली असते, आणि ती स्वातंत्र्य हिरावून घेण्याची असते. घर, अंगण, मुलांचे वाढणे, आईचे शेवटचे आजारपण हे सर्व त्या एका शब्दात गेलेले असते. त्यावर आणखी अपमानाची भर घालण्याचा अखत्यार बराकीला कोणी दिला? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बंद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला मिळावा असे सांगताना त्यातील काही भाग पीडितांसाठी राखण्याचेही सुचविले, हे मला फार मोलाचे वाटते. कारण कुजत बसलेला कैदी त्या बापाला काहीच परत करू शकत नाही.

या विभागात बसलेले सर्वजण शिक्षा झालेले होते. शेजारच्या बराकींत मात्र कच्चे कैदी दाटीने होते, ज्यांचा गुन्हाच अद्याप ठरावयाचा आहे व ज्यांच्यावर सक्तमजुरी लादता येत नाही. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील दर चार बंद्यांपैकी तीन असे आहेत. शासन की सुधारणा, हा आपला वाद त्यांच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. ते नुसते थांबलेले असतात.

माणदेशात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, तेथे बंद्यांची मोकळी वसाहत वसविली. भिंत नाही, शेती आहे, आणि बायकामुले सोबत. माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला तो याच प्रयोगावरून. चित्रपट आपण डोक्यावर घेतला. वसाहती मात्र मोजक्याच वाढल्या, याचे मला मनापासून दुःख होते.

मी मास्तरांना विचारले, सुटल्यावर हा मुलगा सतरंज्या विणील काय? ते बराच वेळ बोलले नाहीत. "बाहेर आता हातमागाची सतरंजी कोण घेतो, साहेब? माग घालायला जागा हवी, सुताला भांडवल हवं, आणि तुरुंगातून आला म्हटल्यावर खोलीसुद्धा मिळत नाही." मग म्हणाले, "पण जोडीदाराच्या हाताकडे बघायची सवय लागते. ती जाईल असं वाटत नाही."

पाच वाजता काम थांबले. पंजे आणि कात्र्या मोजून घेण्याची वेळ झाली. एका लाकडी तक्त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगविलेली, आणि रिकामी आकृती राहिली तर कोणालाही जागचे हलता येत नाही. अकरा पंजे टांगले गेले. बारावा अजून त्या मुलाच्या हातात होता. शिपायाने हाक दिली, तरी त्याने घाई केली नाही. धाग्याची कमान नीट धरून त्याने फेरी बसविली, काठावर बोट फिरवून पाहिले, आणि मगच पंजा आणून तक्त्यावर लावला.